तापीकाठचा बाजार, नर्मदाकाठची मुले

पदवीधर मुलामुलींनो, त्यांच्या पालकांनो आणि पहाटेचा चारा-पाणी उरकून इथे आलेल्या मोतद्दारांनो,

नंदुरबार जिल्ह्यात दरवर्षी दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. एकमुखी दत्ताच्या दर्शनाइतकीच गर्दी तिथल्या घोडेबाजाराला होते. पंजाब, राजस्थान, गुजरातेतून मारवाडी आणि काठियावाडी जनावरे येतात. रेवाल चालीचा घोडा मैदानात आला की माणसे आपोआप दुतर्फा सरकतात. सौदा करणारा आधी देवमण शोधतो, घोडा पंचकल्याणी आहे का ते पाहतो, आणि एखाद्या भोवऱ्यापायी भाव चढतो किंवा कोसळतो. आज ज्यांच्या हाती प्रमाणपत्र पडते आहे, त्यांनी मात्र त्याच घोड्याचा खूर आधी उचलून पाहायचा आहे.

खूर उचलायचा तो खांद्यापासून हात खाली नेत नेत, म्हणजे जनावर दचकत नाही. मग टाचेकडून पुढच्या बाजूला माती कोरायची, मधल्या मऊ भागाला इजा न करता. कुबट वास आला तर खूर कुजायला लागला आहे. एक खूर बाकीच्या तिन्हींपेक्षा गरम लागला तर आत काहीतरी दुखते आहे. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला की जीवावर बेतू शकते. दाणा तसाच राहिला, लीद पडली नाही, घोडा मान वळवून पुन्हा पुन्हा कुशीकडे बघतो आहे, हे सगळ्यात आधी लक्षात येते ते मोतद्दाराच्या, डॉक्टर पोहोचायच्या कितीतरी आधी. या विद्येला आपल्याकडे अजून विद्या म्हणत नाहीत. पगारही त्याच हिशेबाने मिळतो.

महाराष्ट्राला ही विद्या नवी वाटायचे कारण नाही. सांगलीकडच्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे गाण्याच्या ओढीने ग्वाल्हेरला गेले. तिथे हद्दूखाँसाहेबांची गायकी कानावर पडली आणि बाबासाहेब आपट्यांकडे घोडे फिरवण्याची तालीमही झाली. पुढे कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पदरी ते चाबुकस्वार झाले. 1879 मध्ये कियारिनी नावाच्या इटालियन मालकाची सर्कस मुंबईत आली. असला खेळ हिंदी माणसाला जमायचा नाही, अशी त्याची बढाई होती. छत्र्यांनी ती मनावर घेतली आणि 20 मार्च 1880 रोजी स्वतःच्या सर्कशीचा पहिला खेळ केला. भारतीय सर्कस सुरू झाली ती अशी, पागेत रोज घोड्यांशी खपलेल्या एका माणसाच्या हातून. पुढे छत्र्यांची सर्कस केरळात तलश्शेरीला पोहोचली. तिथल्या कीलेरी कुन्हिकण्णन या तालीममास्तरांनी मुलांना सर्कशीसाठी तयार करायला घेतले आणि 1901 मध्ये त्यासाठी शाळाच काढली. रहिमतखाँसारखा गवई छत्र्यांच्या सर्कशीबरोबर गावोगाव फिरला, हेही विसरू नये. घोडेवाल्याच्या तंबूने त्या काळी गाणेही सांभाळले.

शाळेतून घोड्यावर बसणारी पिढी आज महाराष्ट्रात आहे. नाशिकच्या भोसला सैनिकी शाळेत 1937 पासून मुले शिकताहेत. मुळशीतल्या कासार आंबोलीत राणी लक्ष्मीबाई सैनिकी शाळेच्या मुली रिकिबीत पाय रोवतात. ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत बाई आणि पुरुष एकाच स्पर्धेत उतरतात. मुलींच्या पालकांनी एवढे एक ध्यानात ठेवले तरी बरेच प्रश्न सुटतील.

2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकले. घोडेस्वारीतले सुवर्ण तब्बल 41 वर्षांनी आले. मुंबईचा हृदय छेडा, इंदूरची सुदीप्ती हजेला, जयपूरची दिव्यकृती सिंह आणि कोलकात्याचा अनुष अगरवाला, चौघांनीही तयारी युरोपात केली. खर्च हे एक कारण. दुसरे, घोड्यांच्या रोगांबाबतची आंतरराष्ट्रीय मान्यता नसल्याने भारतातला घोडा परदेशी स्पर्धेला नेणेच अवघड होते. मेरठच्या लष्करी पशुवैद्यकीय केंद्रातल्या विभागाला अशी रोगमुक्त म्हणून मान्यता 2025 मध्ये मिळाली. म्हणजे पुढच्या सुवर्णाची वाट रक्ततपासणी, विलगीकरण आणि नोंदवह्यांमधूनही जाते. ही कामे चोख करणारी माणसे आजच्या तुकडीतून निघाली, तर तेही खेळासाठीच केलेले काम ठरेल.

आता नंदुरबार जिल्ह्याचे दुसरे टोक. अक्कलकुवा तालुक्यात नर्मदेकाठी मणिबेली आहे. सरदार सरोवराचे पाणी महाराष्ट्रात सर्वांत आधी चढले ते या गावात. याच गावाच्या नावाने 1994 मध्ये जगभरच्या संघटनांनी जाहीरनामा काढला आणि जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवावे, अशी मागणी केली. सरकारी शाळा कागदावरच राहिल्या, तेव्हा या खोऱ्यात नर्मदा बचाव आंदोलनाने जीवनशाळा उभ्या केल्या. त्यांच्या बालमेळ्यात पळणारी मुले पाहिली की तोल आणि दम म्हणजे काय ते कळते. गुरे राखत वाढलेल्या या मुलांना जनावराच्या कानांची हालचाल वाचायला वेगळे शिकवावे लागत नाही. पण सारंगखेड्याच्या बाजारातून त्यांच्यासाठी रोजगाराची वाट अजून निघालेली नाही, आणि हे बोचायला हवे.

ती वाट पाडणे अशक्य नाही. येत्या दत्तजयंतीला या तुकडीने बाजारात एक मांडव टाकावा. सकाळी खूर तपासायचे, दात पाहून वय सांगायचे, नालबंदाला सोबत बसवायचे. त्या मांडवात नर्मदाकाठची दहा-बारा मुले पहिल्या दिवसापासून हाताखाली असावीत, रोजाने, रोजच्या रोज पैसे हातात देऊन. त्यांची बोटीची आणि एसटीची व्यवस्था आयोजकांनी करावी, राहण्याची सोय यात्रेतच व्हावी. यात्रा उठल्यावर त्यातल्या दोघातिघांना पुण्या-मुंबईच्या पागांत उमेदवारीला पाठवायचे. त्यासाठीची शिफारसपत्रे लिहायला इथले शिक्षक तयार आहेत.