टेकडीपलीकडची हाक

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, माझा प्रांत कवितेचा. शिक्षण बी.ए.पर्यंत, तेही मराठी विषय घेऊन. तरीही आज बिनतारी इंटरनेटच्या जाळ्याबद्दल बोलणार आहे, कारण हा प्रश्न इंजिनिअर मंडळींवर सोडून देण्याइतका आमच्यापासून लांब नाही.

आमचं घाटनांदूर बालाघाटच्या रांगेतलं, परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं. भोवती माळ, मध्येच खोल ओढे, ओढ्यांच्या कडेला वस्त्या. दसरा सरला की बीड जिल्ह्यातली असंख्य कुटुंबं ऊसतोडीला निघतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. कारखान्याच्या खोपीवरून लेकीचा फोन येतो आणि खोलगट वस्तीतली आई मोबाईल घेऊन टेकाड चढू लागते. खाली आवाज तुटतो. बोलण्याचा निम्मा वेळ ‘ऐकू येतंय का’ यातच जातो.

ग्रामपंचायतीपर्यंत काचतंतूची केबल नेण्याची योजना केंद्राने २०११ साली मंजूर केली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. पण पंचायतीची कचेरी म्हणजे अख्खं गाव नव्हे. तिथून वस्तीपर्यंत जमीन खणायची तर काळा पाषाण आडवा येतो. म्हणून मेश जाळं. जोंधळा राखायला बसलेली माणसं एका मचाणावरून दुसऱ्या मचाणावर हाक पोहोचवत, तसंच हे. एक यंत्र दुसऱ्याला निरोप देतं, दुसरं तिसऱ्याला. एखादं बंद पडलं तर निरोप दुसऱ्या वाटेने जातो.

या जाळ्याचा कणा कोणत्या लहरींवर उभा करायचा, हा खरा पेच आहे. रेडिओ ऐकणाऱ्यांना तो समजावणं सोपं. लहानपणी आम्ही परभणी केंद्र मीडियम वेव्हवर ऐकत असू. त्या लहरीची लांबी दोनशे मीटरच्या वर. ती जमिनीला धरून, टेकड्यांना वळसा घालत यायची. एफएमची लहर सुमारे तीन मीटरची. आवाज स्वच्छ, पण डोंगराआड गेलात की खरखर. वायफायची ५.८ गिगाहर्ट्झची लहर तर पाच सेंटिमीटरची, बोटाएवढी. ती पुष्कळ माल वाहते, पण समोरासमोर दिसल्याशिवाय बोलत नाही. लिंबाचं एक डेरेदार झाड तिला पुरे.

मग लांब लहर का घेऊ नये? आपल्याच राज्यात हे करून पाहिलं गेलं आहे. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातल्या खामलोळी परिसरातल्या पाड्यांवर टीव्हीच्या रिकाम्या लहरी वापरल्या. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दूरदर्शनशिवाय कुणी नव्हतं; १५ पैकी किमान १२ वाहिन्या जवळजवळ सगळीकडे मोकळ्या असल्याचं त्यांच्या अभ्यासात दिसलं. ही साठेक सेंटिमीटरची लहर झाडोऱ्यातूनही बऱ्यापैकी जाते. प्रयोग जमला. पण लहर रिकामी असली तरी परवान्यातून मोकळी नव्हती, आणि तिची यंत्रं बाजारात सहज मिळत नव्हती. पुढे पंचवीस गावांपर्यंत विस्तार करताना त्यांनी परवाना न लागणारी ५.८ गिगाहर्ट्झचीच वाट धरली. २०१७ साली या कामाला मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. निवड भौतिकशास्त्राने केली असती तर वेगळी झाली असती. ती कायद्याने आणि बाजाराने केली. मला यात काही वावगं वाटत नाही. वस्तीला आज लागणारी वस्तू आज मिळणारीच हवी.

२०१८ साली ५ गिगाहर्ट्झचे आणखी पट्टे घराबाहेरच्या वापरासाठीही परवानामुक्त झाले. त्यामुळे आमच्या माळावर कणा याच लहरींचा असावा, असं माझं मत. लोरा नावाची काटकसरी पद्धत आहे, ती कित्येक किलोमीटर जाते, पण विहिरीची पाणीपातळी कळवण्यापुरती. लेकीचा चेहरा तिच्यातून येणार नाही.

दोन पथ्यं मात्र पाळावी लागतात. कण्यासाठी वेगळा रेडिओ हवा. घरोघर पोहोचवणारं यंत्रच पुढचा निरोपही देऊ लागलं, तर एकाच वाहिनीवर त्याला ऐकायचंही असतं आणि बोलायचंही. ते एका वेळी एकच करतं. दर टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. चार टप्प्यांनंतर वस्तीच्या वाट्याला ताकाचं पाणी. म्हणून कणा ५.८ वर, दिशा धरून रोखलेल्या अँटेनांचा, आणि घरांसाठी २.४ गिगाहर्ट्झ वेगळं.

दुसरं पथ्य उंचीचं. दोन टोकं एकमेकांना दिसली म्हणजे झालं, असं नाही. पाच किलोमीटरच्या अंतरावर या लहरीला मध्यभागी चहूबाजूंनी सुमारे आठ मीटर जागा लागते. त्यातली निदान साठ टक्के मोकळी हवी. म्हणजे मधला माळ उंचवट्याचा असेल तर तेवढी उंची वाढवा. आमच्याकडे उंच जागा कमी नाहीत. पाण्याची टाकी, शाळेची गच्ची, देवळाचा कळस, मशिदीचा मिनार. अँटेनाला यातली कुठलीही चालते. माणसांना विचारून घ्यावं लागतं, आणि माझा अनुभव असा की गोडीने विचारलं तर जिना उघडून देतात.

ओढ्याकाठच्या वस्तीला यातलं काहीच दिसत नाही. तिच्यासाठी नवं तंत्रज्ञान शोधण्यापेक्षा आई ज्या टेकाडावर चढते तिथेच एक खांब रोवावा. एक तोंड टाकीकडे, एक खाली वस्तीकडे. सौर पाटी आणि बॅटरी मात्र मोजून घ्यावी. श्रावणात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही आणि नेमकी तेव्हाच वीज जाते.

पाहणी करणाऱ्यांना एक विनंती. टाकीवर चढून दुर्बिणीतून वस्ती पाहाल, तर फाल्गुनात पाहू नका. तेव्हा लिंबाची पानं झडलेली असतात आणि सगळा मुलुख मोकळा दिसतो. पाऊस पडून गेल्यावर या, झाडं भरात असताना. तेव्हा जे दिसेल, तेवढंच धरा.