आधी बाजूला काढलेलं पाणी

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी पत्रिकेत माझा विषय छापला आहे, ‘राज्याच्या जलनियोजनात सुरक्षित पिण्याच्या पाण्याचा समावेश’. हे वाचून निम्मी मंडळी आरती झाल्यावर प्रसाद घेऊन घरी जातील अशी मला धास्ती होती. आपण थांबलात, आभारी आहे. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, त्यामुळे अधूनमधून आकडे येतील. ते सांभाळून घ्या.

सुरुवात आजव्यापासून करतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या पणजोबांनी ते पाणी नळातून पहिल्यांदा येताना पाहिलं असेल. त्याआधी बडोदं विहिरींवर, वावांवर आणि तलावांवर जगत होतं. सयाजीरावांनी सूर्या नदीवर बांध घालायचं ठरवलं, १८८५ साली काम सुरू झालं आणि १८९२ साली शहराला पाणी मिळालं. शहराची वस्ती तेव्हा लाख-सव्वा लाखाच्या घरात होती, पण तलाव बांधला तो त्याच्या कितीतरी पट लोकसंख्या धरून. पाणी उताराने शहराकडे येतं. आज सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, शहराच्या पूर्वेचा मोठा भाग अजून त्या पाण्यावर आहे.

मला यात बांधकामापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. आजवा बांधला तो पिण्यासाठी. धरणाचा नकाशा काढण्याआधी, माणसांना किती पाणी लागेल हा प्रश्न विचारला गेला होता. हे आपल्याला साधं वाटतं, पण पुढच्या शंभर वर्षांत देशात जी मोठी धरणं झाली त्यांत बहुतेक ठिकाणी क्रम उलटा होता. आधी किती एकर भिजेल ते ठरायचं, मग वीज किती, आणि शहरं-गावं मागाहून अर्ज घेऊन दारात उभी राहायची.

तुम्ही म्हणाल, असं कसं? पिण्याच्या पाण्याला तर पहिला अग्रक्रम आहे! आहेच. १९८७ च्या पहिल्या राष्ट्रीय जलनीतीत तो आहे, २००२ च्या नीतीतही आहे. पण अग्रक्रम आणि तरतूद यांत फरक असतो. पगार झाल्यावर ‘आधी घरखर्च, मग बाकीचं’ असं नुसतं म्हणणारा माणूस आणि पहिल्या तारखेलाच वाण्याचे, दुधाचे पैसे वेगळ्या डब्यात काढून ठेवणारी गृहिणी, यांपैकी महिनाअखेर कोणाच्या घरात चूल पेटते हे मी तुम्हाला सांगायला नको. अग्रक्रमाची आठवण टंचाई आल्यावर होते. तोवर पाणी उसाला, भाताला, कारखान्याला जाऊन चुकलेलं असतं.

आपल्या गुजरातेत हा डबा वेगळा काढण्याचं एक मोठं उदाहरण घडलं, ते नर्मदेचं. नर्मदा पाणी तंटा लवादाने १९७९ साली निवाडा दिला. नदीतलं वापरण्याजोगं पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरलं. एकर-फूट म्हणजे एक एकर जमिनीवर एक फूट उंचीचं पाणी. त्यातलं मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला अर्धा आणि महाराष्ट्राला पाव. गुजरातने आपल्या ९ पैकी १.०६ हे पिण्यासाठी, शहरांसाठी आणि उद्योगांसाठी राखलं, आणि त्यातही घरगुती वापराचा वाटा ०.८६.

हा आकडा किरकोळ वाटतो ना? गुणाकार करून बघू. ०.८६ दशलक्ष एकर-फूट म्हणजे सुमारे १०६ कोटी घनमीटर. दिवसाला भागलं तर २९० कोटी लिटर. माणशी १०० लिटर धरले तर जवळजवळ २ कोटी ९० लाख माणसं. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सहा कोटींवर होती. म्हणजे एका नदीच्या एक दशांशापेक्षा कमी वाट्यात, कागदावर का होईना, जवळजवळ निम्म्या राज्याची तहान भागते. पिण्याच्या पाण्याचं प्रमाण असं लहान असतं. म्हणून तर ते आधी काढून ठेवणं परवडतं. आणि लहान आहे म्हणूनच विसरलंही जातं.

हा आकडा कागदावरून पाइपात यायला मात्र दुष्काळ लागले. १९८५ ते ८८ ची वर्षं ज्यांनी सौराष्ट्रात काढली त्यांना विचारा. १९८६ साली राजकोटला रेल्वेने पाणी नेलं होतं. इकडे उत्तर गुजरातेत मेहसाणा, बनासकांठ्यात बोअर हजार फुटांच्या खाली गेले. पाणी लागायचं, स्वच्छ दिसायचं, गोडही लागायचं, पण त्यात फ्लोराइड असायचं. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यायचं. त्याच्या वर वर्षानुवर्षं प्यायलात की आधी मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, पुढे सांधे आणि कणा आखडतो. आणि हे उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतं. आपल्या घरांत ‘पाणी उकळून प्या’ हा मंत्र इतका पक्का आहे की हे मुद्दाम सांगावं लागतं. समुद्रकाठच्या गावांत वेगळाच ताप, विहिरी खाऱ्या झालेल्या.

इथे ‘सुरक्षित’ हा शब्द विषयात येतो. नियोजन करणारा घनमीटर मोजतो. त्याच्या हिशेबात मेहसाण्याच्या बोअरचं पाणी हे पाणीच असतं. पण पिणाऱ्याच्या हिशेबात ते पाणी नसतं. जमिनीखालच्या साठ्यातून हे फ्लोराइडवालं पाणी वजा करून मग ‘उपलब्ध’ किती ते लिहायचं, एवढी साधी वजाबाकी केली की कोणत्या तालुक्याला दुरून पाणी आणण्यावाचून गत्यंतर नाही ते आपोआप दिसतं. गुजरातमध्ये शेवटी तेच करावं लागलं. आधी आपल्या महीचं पाणी परीएज तलावातून सौराष्ट्राकडे गेलं, १९९९ नंतर मोठ्या नळांचं जाळं हाती घेतलं गेलं, आणि नर्मदेचा कालवा जसजसा पुढे सरकला तसतशी गावं त्याला जोडली गेली. २००२ साली ‘वास्मो’ ही संस्था निघाली. गावात पाणी समिती करायची, गावातली टाकी आणि नळ तिने सांभाळायचे, पट्टीही तिनेच गोळा करायची. शेकडो किलोमीटर आलेलं पाणी शेवटच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये गळतीत जातं किंवा घाण होतं हे ज्याने पाहिलंय त्याला या समितीची किंमत कळेल.

या पाण्याची किंमत कोणी मोजली तेही मराठी व्यासपीठावर बोललं पाहिजे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली तिन्ही राज्यांतली गावं आली. त्यांत महाराष्ट्राची ३३, अक्कलकुवा आणि धडगाव भागातली, आदिवासी बांधवांची. पिण्याच्या पाण्याचा डबा भरला तो कोणाच्या तरी घरातून उचलून भरला. यावर आपल्यात मतं वेगवेगळी असतील. पण ज्यांनी गावं दिली त्यांच्या वसाहतींत नळाला पाणी आहे की नाही, हा प्रश्न राज्याच्या योजनेत पहिल्या पानावर असायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

राखून ठेवलेलं पाणी खरंच राखलं जातं का, याची परीक्षा २०१८ च्या उन्हाळ्यात झाली. आदल्या वर्षी मध्य प्रदेशात पाऊस कमी झाला, गुजरातचा वाटा जवळजवळ निम्म्यावर आला. धरणाची नेहमीची किमान पातळी ११०.६४ मीटर, पाणी त्याच्याही खाली गेलं. मग तळाशी असलेल्या बोगद्यातून मृतसाठ्यातलं पाणी काढून कालव्यात सोडलं. मार्चच्या मध्यावर सिंचन बंद झालं, उन्हाळी पीक घेऊ नका असं शेतकऱ्यांना सांगितलं, आणि पिण्याचं पाणी चालू राहिलं. तहान भागली, पण झळ शेतकऱ्याला लागली. पाऊस कमी झाल्याचं ऑक्टोबरातच दिसत असतं. तेव्हाच पिण्याचा वर्षभराचा साठा मोजून उरलेलं पाणी जाहीर केलं, तर शेतकरी आपलं पीक त्या बेताने ठरवू शकतो. राखीव पाण्याचा आकडा आधी सांगण्यात त्याचाही फायदा आहे. हा मुद्दा आमच्या खात्यात आणि सिंचन खात्यात एका टेबलावर क्वचितच यायचा.

आता घराजवळ येऊ. बडोद्याला आजव्याखेरीज महीचं पाणी मिळतं, फाजलपूर, रायका, दोडका, पोइचा इथल्या फ्रेंच वेलमधून. नदीच्या वाळूत मोठी विहीर आणि तिच्यातून चहूकडे आडव्या नळ्या, असं त्याचं रूप. वाळूच गाळणीचं काम करते, त्यामुळे पाणी सुंदर येतं. पण नदीत प्रवाह असेल तर! वर कडाणा धरण, मग वणाकबोरीचा बंधारा, तिथून कालवा निघतो. बंधाऱ्याखाली किती पाणी सोडायचं हे ठरवणाऱ्याच्या समोर कालव्याचं वेळापत्रक असतं. आपली विहीर त्या वेळापत्रकाच्या शेपटाला बांधलेली. नदीत खाली अमुक इतकं पाणी बारा महिने वाहिलंच पाहिजे, हा शहराचा आणि काठच्या गावांचा हक्क म्हणून राज्याच्या योजनेत आकड्यात लिहिलेला हवा. मेहेरबानी म्हणून सोडलेलं पाणी मे महिन्यात आटतं.

आणि आजवा? पावसाळ्यात त्याची पातळी बडोदेकरांना शेअर बाजारासारखी तोंडपाठ असते. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२४ चा ऑगस्ट कोणी विसरलेलं नाही. २०२४ ला विश्वामित्री ३५ फुटांवर गेली. तेव्हापासून आजवा रिकामा ठेवा अशी मागणी जोरात आहे आणि ती समजण्यासारखी आहे. पण आजवा जितका खाली ठेवाल तितकं उन्हाळ्यातलं पिण्याचं पाणी कमी. पुराचा विचार करणारे एका खोलीत, पिण्याच्या पाण्याचा विचार करणारे दुसऱ्या खोलीत, असं चालणार नाही. आजवा दोन फूट खाली ठेवायचा तर त्या दोन फुटांचं पाणी महीतून की नर्मदेच्या कालव्यातून भरून काढणार, हे त्याच आदेशात लिहिलं पाहिजे.

त्या पुरात आणखी एक झालं. गटाराचं पाणी सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाक्यांत शिरलं. पूर ओसरल्यावर घराघरांत गाळ काढला गेला, पण टाकी रिकामी करून, घासून, क्लोरीनचं पाणी काही तास ठेवून मग वापरणाऱ्या सोसायट्या किती होत्या? कित्येकांनी नुसता पंप चालू केला. आणि बहुतेकांचा भरवसा आरओवर. एक लिटर गाळलेल्या पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत सोडणारं हे यंत्र आजव्याच्या गोड पाण्याला मुळात लागतच नाही. शहराबाहेरच्या नव्या वस्त्यांत, जिथे बोअर आहे आणि पाणी क्षारयुक्त आहे, तिथे लागतं. तिथल्या प्रत्येक घराने भरलेली आरओची किंमत हे माझ्या मते योजनेतल्या उणिवेचं बिल आहे, फक्त ते सरकारच्या खात्यात दिसत नाही.

आपल्या मंडळाला एक विनंती करून थांबतो. ज्यांच्या सोसायटीत बोअर आहे त्यांनी दिवाळीच्या आत पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. फ्लोराइड, नायट्रेट, एकूण क्षार आणि जंतू, एवढे चार आकडे पुरे. नमुना घेताना जंतूंसाठीची बाटली निर्जंतुक हवी, ती प्रयोगशाळा देते. घरची सरबताची बाटली धुऊन नेऊ नका. ते आकडे मंडळाच्या वहीत वस्तीवार लिहून ठेवू आणि महानगरपालिकेकडे अर्ज देताना सोबत जोडू. पावसाळ्यात जशी आजव्याची पातळी रोज जाहीर होते, तसं जानेवारीपासून ‘पिण्याचा साठा किती दिवसांचा’ हेही जाहीर करा, अशी मागणी त्याच अर्जात करू. मसुदा मी आणला आहे, दारापाशी ठेवला आहे. आता प्रश्न विचारा. आजव्याच्या दरवाजांबद्दलचे सगळ्यात शेवटी घेऊ, नाहीतर महाप्रसादाला उशीर होईल.