शाळा कुणाच्या घामाची?

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेतलं. त्यांची बंदूक आपल्याला माहीत आहे. त्यांची शाळा? ती आपण विचारलीच नाही.

तिकडं दक्षिणेत काळी माणसं कर भरायची. त्यातून गोऱ्यांच्या पोरांना पक्क्या शाळा. काळ्यांच्या पोरांना चर्च, नाहीतर गळकं खोपट, आणि गोऱ्यांनी टाकलेली पुस्तकं. १९१२ साली अलाबामातल्या बुकर टी. वॉशिंग्टननं शिकागोचा व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्डकडून पैसा मिळवला आणि खेड्यांत लाकडी शाळा उठू लागल्या. १९३२ पर्यंत १५ राज्यांत जवळजवळ ५,०००! वीज नव्हती, म्हणून उजेडासाठी मोठाल्या खिडक्या. मधला पडदा सरकवला की वर्गाचं सभागृह.

पण फुकट काही नव्हतं. गावानंही वाटा उचलायचा. कुणी शाळेच्या नावानं कापूस पेरला, कुणी कोंबड्या विकल्या, कुणी अंगमेहनत दिली. हिशेब ऐका. फंडाचे सुमारे ४३ लाख डॉलर, काळ्या जनतेचे ४७ लाख. आधी कर, वर वर्गणी! शेठपेक्षा मजुरानं जास्त दिलं. नाव मात्र शेठचं: रोझेनवाल्ड स्कूल.

१९५४ साली सुप्रीम कोर्टानं वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. लढाई जिंकली, पण पुढं या शाळा ओस पडल्या, ढासळल्या. २००२ साली धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत त्या आल्या. आज पाचशेच्या आसपास उरल्यात. कित्येक ठिकाणी जुन्या विद्यार्थ्यांनीच म्हातारपणी पुन्हा वर्गणी काढून त्या वाचवल्या.

विटाळाची निशाणी जपायची कशाला? मीही हेच म्हणायचो. आता म्हणत नाही. भिंत गेली की अपमानाचा पुरावा जातो, आणि आपल्या कमाईचाही. पुण्यातला भिडेवाडा बघा. १८४८ साली जोतिबा-सावित्रीबाईंनी तिथं मुलींची शाळा काढली. तो इतका मोडकळीला येऊ दिला, की डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडावा लागला. स्मारक नवं बांधता येतं. सावित्रीबाईंनी पाहिलेली भिंत नाही बांधता येत.

म्हणून मित्रांनो, आपापल्या गावी जा. वस्तीतली शाळा, वसतिगृह, समाजमंदिर कुणाच्या वर्गणीनं उठलं, म्हाताऱ्यांना विचारा. वहीत उतरवा. पाटीवर पुढाऱ्याचं नाव असेल, तर डोक्यावर विटा वाहिलेल्या बाईचं नाव खाली खडूनं लिहा. पुसलं, तर परत लिहा.

जय भीम!