निळू फुले : पडद्यावरचे आणि पडद्याबाहेरचे

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या कार्यक्रमात दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र सांगण्याची आपली प्रथा आहे. यंदा आम्ही नटाचा विषय निवडला, तेव्हा काही ज्येष्ठांनी विचारले की, मुलांनी अभ्यास करायचा की सिनेमा बघायचा? प्रश्न रास्त आहे. पण आपण मुंबईच्या उपनगरात राहतो. गोरेगावची फिल्मसिटी आणि अंधेरीचे स्टुडिओ आपल्यापासून लांब नाहीत. आपल्या वस्त्यांतली मुले तिथे लाइटमन म्हणून, सुतारकामावर, गर्दीतला माणूस म्हणून कामाला जातात. सिनेमा आपल्या घरात आलेलाच आहे. तेव्हा तो कसा पाहावा आणि त्यातला कोणता माणूस लक्षात ठेवावा, याचा विचार केलेला बरा. म्हणून आज आम्ही निळू फुले यांच्याविषयी बोलणार आहोत.

तुमच्यापैकी बहुतेकांना निळूभाऊ ठाऊक आहेत ते नकलांमुळे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये कुणीतरी टोपी तिरकी करतो, घोगरा आवाज काढतो, बाईला वाड्यावर बोलावतो आणि सभागृह हसते. मोबाईलवरही तेच फिरते. एवढा मोठा कलावंत एका नकलेत मावला, हे आम्हाला बरे वाटत नाही. त्या नकलेच्या मागे कोण माणूस होता, ते आता पाहू.

नीळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० सालचा, पुण्याचा. घरची परिस्थिती साधारण. तरुणपणी त्यांनी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे ए.एफ.एम.सी.मध्ये, माळी म्हणून नोकरी धरली. पगार महिना ८० रुपये. त्यातले १० रुपये ते दरमहा राष्ट्र सेवा दलाला देत. आम्ही बँकेत काम करणारी माणसे, आमचे लक्ष आधी आकड्याकडे जाते. ८० मधले १० म्हणजे आठवा हिस्सा. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला धम्मकार्यासाठी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा हिस्सा द्यावा असे सांगितले, तेव्हा ते आपल्यातल्या किती जणांना जमले, हा प्रश्न आम्ही इथे विचारत नाही. ज्याचा त्याने घरी जाऊन विचारावा. पण माळ्याच्या पगारातून आठवा हिस्सा बाजूला काढणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी महिन्याच्या वीस तारखेला डबे रिकामे होतात त्यांना सांगावे लागणार नाही. निळूभाऊंच्या मनात स्वतःची रोपवाटिका काढायची होती. भांडवलाअभावी ते राहून गेले.

सेवा दलाच्या कलापथकात त्यांच्यातला नट घडला. १९५७ च्या निवडणुकीच्या वेळी त्यांनी ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हे लोकनाट्य लिहिले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’ मधली त्यांची रोंग्याची भूमिका लोकांना आवडली. लोकनाट्यातून प्रबोधन ही गोष्ट आपल्याला नवी नाही. भीमराव कर्डकांचे जलसे आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिले आहेत. हाच तमाशाचा बाज घेऊन कर्डकांनी बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. तमाशाची कला ज्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जगवली, त्यांच्या वाट्याला मान कमी आणि हेटाळणी जास्त आली. पुढे मराठी रंगभूमी आणि सिनेमा त्याच कलेवर उभे राहिले, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने निळूभाऊंचे नाव महाराष्ट्रभर झाले. त्यातून १९६८ साली अनंत माने यांचा ‘एक गाव बारा भानगडी’ हा चित्रपट मिळाला. त्यातले झेले अण्णा लोकांनी डोक्यावर घेतले आणि माळी नट झाला. १९७२ साल त्यांच्या आयुष्यात फार मोठे. त्या वर्षी व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ आला आणि त्याच वर्षी विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर आले. दिग्दर्शक कमलाकर सारंग, सखाराम निळू फुले. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरी आणून आपल्या अटींवर ठेवणारा हा छापखान्यातला माणूस पाहून समाजात खळबळ उडाली. प्रकरण सेन्सॉर मंडळाकडे आणि तिथून कोर्टात गेले. अशी भूमिका स्वीकारायला छाती लागते. पात्र वाईट म्हणून नट वाईट, असे समजणारा प्रेक्षक तेव्हाही होता आणि आताही आहे.

यानंतर निळूभाऊंनी जी माणसे उभी केली, ती तुमच्या-आमच्या गावची होती. सरपंच, पाटील, कारखान्याचा चेअरमन, तालुक्याचा पुढारी. पूर्वीचा खलनायक ओरडायचा, हात उगारायचा. निळूभाऊंचा खलनायक आवाज चढवत नाही. तो सावकाश बोलतो, डोळे बारीक करतो, हसतो, पाहुण्याला बसायला सांगतो. त्याला ओरडायची गरजच नसते, कारण सोसायटीचे कर्ज, विहिरीचे पाणी, शाळेतली नोकरी आणि गावची मते सगळी त्याच्याच मुठीत असतात. आम्ही कर्जाच्या फायली पाहणारी माणसे आहोत. कर्ज कुणाला मिळते आणि कुणाचा अर्ज टेबलावर पडून राहतो, यात सत्ता कशी काम करते, हे आम्हाला थोडेफार कळते. सहकाराने महाराष्ट्राचे भले केले, हे खरे आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, तो शेतकऱ्यांना सावकारापासून सोडवण्यासाठी. पण पुढे अनेक ठिकाणी सावकाराच्या जागी चेअरमन येऊन बसला, हेही तितकेच खरे. हा बदल निळूभाऊंनी पडद्यावर दाखवला. आपल्यातल्या अनेकांचे आईवडील अशाच गावातून मुंबईला आले. पोट भरायला आले हे तर आहेच, पण वाड्यासमोरून चप्पल घालून चालता यावे म्हणूनही आले.

आता ज्या चित्रपटासाठी आम्ही हा विषय निवडला, त्याकडे येतो. ‘सामना’, १९७५ साल. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखक विजय तेंडुलकर, निर्माते रामदास फुटाणे. बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात हा चित्रपट गेला. निळूभाऊ यात हिंदुराव धोंडे पाटील आहेत, साखरसम्राट. त्यांच्यासमोर डॉ. श्रीराम लागू यांचा मास्तर. हा मास्तर एकेकाळचा गांधीवादी, आता दारूत बुडालेला, फाटका, बेवारस. हिंदुराव त्याला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आपला पसारा दाखवतो. मास्तरला मात्र गावात एक नाव ऐकू येते आणि ते त्याच्या डोक्यातून जात नाही. मारुती कांबळे. सैन्यातून परत आलेला माणूस. गावात होता, मग दिसेनासा झाला. मास्तर ज्याला त्याला एवढेच विचारत सुटतो, की त्या मारुती कांबळेचे पुढे काय झाले?

मित्रहो, कांबळे हे आडनाव या सभागृहात किती जणांचे आहे, हे सांगायला नको. सैन्यात नोकरी केलेला, चार गावचे पाणी प्यालेला, ताठ मानेने परतलेला माणूस गावच्या डोळ्यात का खुपतो, हेही सांगायला नको. हा चित्रपट पाहताना दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, प्रश्न विचारणारा माणूस सर्वांत दुबळा आहे. त्याच्याकडे पैसा नाही, माणसे नाहीत, धड शुद्धही नाही. तरी त्या प्रश्नाने साखरसम्राटाची झोप उडते. दुसरी गोष्ट निळूभाऊंच्या अभिनयाची. त्यांनी हिंदुरावाला राक्षस केलेले नाही. या माणसाला आपल्या कारखान्याचा, आपण केलेल्या गावाच्या भरभराटीचा खरोखर अभिमान आहे. त्याला मास्तर आवडतोही. एवढे सगळे उभे करताना एक माणूस वाटेतून गेला तर काय बिघडले, असे तो मनापासून मानतो. आम्हाला भीती वाटते ती या मनापासून मानण्याची. अखेर हिंदुरावाला सत्याला सामोरे जावेच लागते आणि त्या वेळचा निळूभाऊंचा चेहरा आम्ही विसरू शकत नाही.

हा प्रश्न सिनेमापुरता राहिलेला नाही. ११ जुलै १९९७ रोजी आपल्या घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर गोळीबार झाला, १० माणसे गेली. लोक विचारत राहिले म्हणून चौकशी आयोग बसला, खटला उभा राहिला आणि २००९ साली सत्र न्यायालयाने एका पोलीस अधिकाऱ्याला दोषी ठरवले. पुढे त्याला उच्च न्यायालयात जामीन मिळाला. बारा वर्षे विचारत राहिल्यावर एवढे झाले. विचारलेच नसते तर तेवढेही झाले नसते. गेलेल्या माणसाचे नाव घेत राहणे हेसुद्धा काम आहे, आणि ते बहुधा साध्या माणसांनाच करावे लागते.

१९७९ साली जब्बार पटेल यांचाच ‘सिंहासन’ आला. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवर आधारलेला. इथे निळूभाऊ पुढारी नाहीत, दिगू टिपणीस नावाचे पत्रकार आहेत. मंत्रालयातले डावपेच हा माणूस जवळून पाहतो, सगळे समजते, पण हाती काही लागत नाही. आयुष्यभर सत्ताधारी रंगवणाऱ्या नटाने सत्तेकडे नुसते पाहत राहणारा माणूसही तितकाच खरा केला. १९७७ च्या ‘जैत रे जैत’ मध्ये ते ठाकरांच्या वाडीतले भगत झाले, तर १९८४ च्या ‘सारांश’ मध्ये म्हाताऱ्या जोडप्याला छळणारा मुंबईचा राजकारणी. ‘कुली’ आणि ‘मशाल’ या हिंदी चित्रपटांतही ते दिसले. १९९१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आता पडद्याबाहेरचे निळूभाऊ. खेड्यापाड्यातल्या बाया त्यांना पाहून बोटे मोडत, असे सांगतात. प्रत्यक्षातला माणूस साधा, वाचनाचा नाद असलेला, आणि देवाधर्माच्या अवडंबरापासून दूर. सिनेमाचे पैसे आले तरी सेवा दलाची नाळ त्यांनी तोडली नाही. डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ चालवली. ज्या पाणवठ्यासाठी १९२७ साली महाडला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, तो स्वातंत्र्यानंतर पंचवीस वर्षांनीही खेड्यात सर्वांसाठी खुला नव्हता, म्हणून ही चळवळ. अशा माणसांच्या आणि अशा कामांच्या सोबत निळूभाऊ उभे राहिले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्यांनी साथ दिली. डॉ. लागू आणि निळूभाऊ पडद्यावर एकमेकांविरुद्ध उभे राहत आणि बाहेर एका विचाराने चालत. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरात चूल पेटावी म्हणून ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ उभा राहिला, त्यात हे दोघे आघाडीवर होते. त्या निधीसाठी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’ चे प्रयोग नामवंत कलाकारांनी केले.

कृतज्ञता हा शब्द नीट ऐका. दान देणारा वर असतो, घेणारा खाली. कृतज्ञतेत देणाराच ऋणी असतो. आपल्याला जे मिळाले ते कुणाच्या तरी कष्टामुळे मिळाले, याची ती जाणीव. ८० रुपयांतले १० काढणारा माळी आणि निधीसाठी धडपडणारा नामवंत नट, यांत आम्हाला फरक दिसत नाही. रक्कम वाढली, सवय तीच राहिली. बँकेच्या अनुभवावरून आम्ही तुम्हाला एक सांगतो. पगार मोठा झाला की देऊ, असे म्हणणाऱ्याच्या पासबुकात ती नोंद सहसा येत नाही. द्यायची सवय लहान पगारातच लागते.

१३ जुलै २००९ रोजी पुण्यात निळूभाऊंचे निधन झाले. त्याच वर्षी शेतकऱ्यांच्या प्रश्नावरचा ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ हा त्यांचा चित्रपट आला होता. २०१३ साली दाभोलकरांची हत्या झाली, २०१९ साली डॉ. लागू गेले. ती पिढी संपत आली आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कुणाला नट व्हायचे असेल तर अवश्य व्हा. आईवडिलांनीही त्याला वेड्यात काढू नये. फक्त आधी माणूस व्हा, आणि माणसे पाहायला शिका. ज्यांनी आपल्याला छळले त्यांनाही इतके बारकाईने पाहा की, त्यांचे चालणे-बोलणे जगासमोर उघडे करता येईल. ज्यांना नट व्हायचे नाही, त्यांनी ‘सामना’ एकदा घरच्यांसोबत बसून पाहावा आणि नंतर आजी-आजोबांना विचारावे, की आपल्या गावात असा कुणी मारुती कांबळे होता का? उत्तर मिळाले तर ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या स्मरणिकेत त्यासाठी पाने राखून ठेवायला आम्ही संपादक मंडळाला आताच विनंती करतो.



जयभीम! नमो बुद्धाय!