आठ वर्षांची मर्यादा

जुन्या चालीरीतींची गोष्ट निघाली की आपल्या बोलण्यात नकळत एक प्रकारची फुशारकी शिरते. "त्या काळी माणसे असे वागूच कशी शकत?" असे आपण विचारतो, पण उत्तराची वाट पाहत नाही. तो प्रश्न म्हणजे आपल्या सुज्ञपणावर आपणच मारलेला शिक्का असतो. मला आज त्या प्रश्नाचे उत्तर थोडे शोधून पाहायचे आहे, आणि त्यासाठी मी फार दूर जाणार नाही. ज्या बंगळुरात मी नोकरी करतो, तेथेच पूर्वी म्हैसूर संस्थानचा कारभार चाले. त्या कारभारातून सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी निघालेला एक लहानसा कायदा आज माझ्या बोलण्याचा विषय आहे.

हा कायदा १८९४ सालचा. अल्पवयीन मुलींच्या विवाहास प्रतिबंध करणारा असे त्याचे स्वरूप. त्यातील मुख्य गोष्टी दोनच. आठ वर्षे पुरी न झालेल्या मुलीचे लग्न लावणे हा गुन्हा ठरला. आणि पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने चौदा वर्षांच्या आतील मुलीशी लग्न करणे हाही गुन्हा ठरला. संस्थानची गादी १८८१ साली इंग्रजांकडून पुन्हा वडियार घराण्याकडे आली होती. महाराज होते दहावे चामराजेंद्र वडियार आणि दिवाण होते शेषाद्री अय्यर. १८८१ मध्येच स्थापन झालेल्या प्रातिनिधिक सभेत या प्रश्नावर वादविवाद झडले, विरोधही पुष्कळ झाला, पण अखेर कायदा झाला.

आजच्या श्रोत्याला या दोन कलमांतील कोणती गोष्ट धक्का देईल? मला वाटते, त्यांनी काय मना केले यापेक्षा काय मोकळे ठेवले, हीच. नऊ वर्षांच्या मुलीचे लग्न चालेल. एकोणपन्नास वर्षांच्या विधुराने दहा वर्षांची मुलगी केली तरी चालेल. आणि हा त्या काळचा मागासलेला कायदा नव्हे बरे. हा पुढारलेला कायदा होता. कर्मठ मंडळी त्यावर संतापली होती आणि सुधारकांना त्याचा अभिमान वाटत होता.

आठ ही संख्या कोठून आली? आपल्या स्मृतिकारांनी कन्येला वयानुसार नावे दिली आहेत. आठ वर्षांची ती गौरी, नऊ वर्षांची ती रोहिणी, आणि दहाव्या वर्षी ती कन्या. त्यापुढे तिला घरात ठेवणाऱ्या पित्याच्या माथी पाप. याचाच दुसरा अर्थ असा की आठाच्या आधी लग्न उरकावे असा शास्त्राचाही आग्रह नव्हता. कायदा करणाऱ्याने नेमकी तीच रेघ पकडली असावी असे मला वाटते. शास्त्राने जेथून परवानगी दिली तेथून पुढे कायदा गेला नाही. शास्त्र जेथे गप्प होते तेवढ्याच जागेत तो पाय रोवून उभा राहिला. कोणी याला भित्रेपणा म्हणेल. मसुदे लिहिण्याचा थोडाबहुत अनुभव असलेला मी याला हिशेबीपणा म्हणेन. राज्यकर्ता धर्मात ढवळाढवळ करतो हा आक्षेप येणार, हे ठाऊक असताना जेवढी जमीन हाती लागेल तेवढी घ्यावी, असा तो हिशेब होता.

दुसऱ्या कलमाची गोष्ट मराठी माणसाला विशेष जिव्हाळ्याची आहे. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' हे नाटक १८९९ साली, म्हणजे या कायद्यानंतर पाच वर्षांनी रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधू पाहणारा कांचनभट, बोहल्यावर चढायला उतावीळ झालेला भुजंगनाथ आणि ते लग्न मोडायला निघालेला कोदंड ही पात्रे मराठी घराघरांत पोचली. पण ते लग्न मोडते कशाने, हे आठवा. वधूवर सगोत्र आहेत हे उघडकीस येते म्हणून! वराचे वय कोणाच्याही आड येत नाही. मुंबई इलाख्यात तेव्हा जरठ-कुमारी विवाहाला हरकत घेण्याजोगे कायद्याचे कलमच नव्हते. तेव्हा नाटककाराला तरी गोत्राचाच आधार घ्यावा लागला. भुजंगनाथ म्हैसूर संस्थानचा रहिवासी असता तर कोदंडाचे काम पुष्कळ सोपे झाले असते. अर्थात मग देवलांना नाटकही मिळाले नसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. असे वागणारी माणसे दुष्ट होती काय? ती कोण होती ते पाहा. जोतीराव फुल्यांचे लग्न १८४० साली झाले तेव्हा ते तेरा वर्षांचे आणि सावित्रीबाई नऊ वर्षांच्या होत्या. आनंदीबाई जोशी यांचेही लग्न नवव्या वर्षी झाले. पती गोपाळराव त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि ते मूल दहा दिवसांत गेले. न्यायमूर्ती रानड्यांची हकीकत तर सर्वश्रुत आहे. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा पुरुष आता विधवेशीच लग्न करील अशी मित्रांची अपेक्षा. वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी त्याच वर्षी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. ते स्वतः एकतीस वर्षांचे होते. त्याच मुलीला त्यांनी शिकवले, आणि ती पुढे रमाबाई रानडे म्हणून सेवासदनाच्या कार्यातून शेकडो स्त्रियांची आधार झाली. रानड्यांना अनुचित काय ते कळत नव्हते असे म्हणण्याचे धाडस कोण करील? त्यांना कळत होते. परंतु घरातील वडीलमाणसाचा शब्द मोडण्याचे बळ त्या एका क्षणी त्यांच्यापाशी नव्हते. रूढीचा खरा पहारा शास्त्राच्या पोथीत नसतो, तो माजघरात असतो.

ज्यांनी तो पहारा मोडला त्यांना काय सोसावे लागले तेही विसरता येणार नाही. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. मोठेपणी त्यांनी नवऱ्याच्या घरी जाण्याचे नाकारले. १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा दाखल झाला. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला, तो अपिलात फिरला, आणि १८८७ मध्ये न्यायालयाने फर्मावले की नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी तडजोड झाली. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन परत आल्या. तिकडे कलकत्त्यात फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या सहवासामुळे मृत्यू पावली. त्यानंतर १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन दहाची मर्यादा बारावर गेली.

या कायद्याला लोकमान्य टिळकांनी कडाडून विरोध केला, हे आज अनेकांना अवघड वाटते. पण तेच टिळक १८९० साली, सुधारकांनी आधी स्वतःला बांधून घ्यावे म्हणून अटी सुचवीत होते. मुलीचे लग्न सोळाच्या आत करू नये, मुलाचे विसाच्या आत करू नये, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करू नये, आणि केलेच तर विधवेशी करावे! परक्या सरकारने आमच्या घरात कायदा आणू नये, हा त्यांचा मुद्दा. हा मुद्दा म्हैसुरात लागू पडत नव्हता. तेथे राजा हिंदू, दिवाण हिंदू, सभाही बहुतांशी हिंदू. तरी विरोध झालाच. यावरून परकेपणाचा आक्षेप किती खरा आणि किती सोयीचा, याचा अंदाज यावा.

माझी पणजी याच गावची. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून बंगळुरात मराठी घरे आहेत. त्यांतलेच आमचे एक. पणजीचे लग्न १९१४ च्या सुमारास झाले. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. म्हणजे कायद्याची मर्यादा ओलांडून तिला एक वर्ष झाले होते. सारे कसे रीतसर! मी लहान असताना ती लग्नाची हकीकत मोठ्या मजेने सांगे. होमाच्या धुराने डोळे चुरचुरले, मामाच्या कडेवर झोप लागली, आणि सासरी कोणी तरी लाकडी बाहुल्या दिल्या. ती ना रडे, ना कोणाला दोष देई. परंतु तिच्या थोरल्या जाऊबाईचा विषय निघाला की तिचा स्वर बदले. ती जाऊ पंधराव्या वर्षी विधवा झाली होती. "न्हावी मागल्या दाराने येत असे," एवढेच पणजी म्हणे आणि उठून आत जाई. पुढे आलवण, एकवेळचे जेवण आणि शुभकार्यात तोंड न दाखवण्याचे व्रत हे सारे ओघाने आले. बालविवाहाची खरी किंमत बोहल्यावर दिसत नसे. ती दहा-पंधरा वर्षांनी, मागल्या दाराशी चुकती होई.

येथे त्या न्हाव्याच्या बाजूनेही एक शब्द सांगितला पाहिजे. १८९० साली मुंबईतील नाभिक मंडळींनी सभा भरवून विधवांचे केशवपन करणार नाही असा ठराव केला. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांची त्यामागे प्रेरणा होती. विद्वानांचे शास्त्रार्थ वर्षानुवर्षे चालले असताना वस्तरा खाली ठेवण्याची ही सरळ युक्ती हातात वस्तरा असणाऱ्यांनाच सुचली. केशवपन गेले; पण बाकीचे सारे गेले असे नाही. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने केला तो १८९० साली नव्हे, २०२२ साली.

कायदा झाला तरी तो चालवायचा कसा? मुलगी आठ वर्षांची झाली की नाही, हे ठरवायचे कशावरून? जन्मनोंदणीची आजची शिस्त तेव्हा नव्हती. पुरावा म्हणजे जन्मपत्रिका, ती ज्योतिषाने मांडलेली आणि मुलीच्या बापाच्या पेटीत ठेवलेली. ज्याच्यावर आरोप व्हायचा त्याच्याच घरी पुरावा! शेजारीपाजारी तक्रार करणार नाहीत, कारण पुढल्या वैशाखात त्यांच्याही घरी मांडव पडायचा असतो. सरकारी नोकराला ही अडचण आजही अपरिचित नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. बडोद्यात सयाजीरावांनी १९०४ साली मुलींसाठी बारा व मुलांसाठी सोळा ही मर्यादा घातली. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२९ च्या सारडा कायद्याने ती चौदा आणि अठरा झाली. स्वातंत्र्यानंतर १९७८ मध्ये अठरा आणि एकवीस. २००६ साली नवा कायदा आला, पण त्यातही बालविवाह सामान्यतः आपोआप रद्द ठरत नव्हता; तो रद्द करून घेण्यासाठी त्या मुलीलाच न्यायालयात जावे लागे. कर्नाटकाने दुरुस्ती करून, २०१७ पासून, असा विवाह मुळातच शून्य ठरवला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात या दुरुस्तीची प्रशंसा केली आणि अठरा वर्षांखालील पत्नीशी केलेला संबंध हा बलात्कारच होय असा निर्णय दिला. फुलमणीच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी कायदा तेथवर आला.

आणि प्रत्यक्ष स्थिती? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षे पुरी होण्याआधी विवाह झालेल्या स्त्रिया कर्नाटकात शेकडा २१.३ आणि महाराष्ट्रात २१.९ आहेत. पाचांतील एक. जिला आपण मोठ्या सोयीने 'त्या काळची रूढी' म्हणतो, ती अद्याप पाचांतल्या एका घरी नांदते आहे.

मात्र तिथे आता गौरी-रोहिणीचा आधार कोणी घेत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे उदाहरण घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास तांडेच्या तांडे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या शिवारात उतरतात. तेथे मजुरीचा हिशेब माणसांवर नसतो, 'कोयत्या'वर असतो. आणि एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकट्या पोराला ती मिळत नाही, म्हणून त्याचे लग्न लवकर. आणि सहा महिने आईबाप फडात असताना चौदा-पंधरा वर्षांची मुलगी गावी एकटी ठेवायची कोणाच्या भरवशावर, म्हणून तिचेही लग्न लवकर. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून नेमलेला ग्रामसेवक मांडवात पोचतो तेव्हा मुलीचा बाप त्याला शास्त्र सांगत नाही. तो विचारतो, "साहेब, लग्न थांबवतो. मग उद्या आम्ही गाडीत बसल्यावर हिला तुमच्या घरी ठेवून घेता का?"