सुई टोचण्याआधी



आज एकाच तपासणीबद्दल बोलणार आहे: पीएसए. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये ती आता साखर आणि कोलेस्टेरॉलच्या शेजारी येऊन बसली आहे. साखर वाढली तर काय करायचं, हे घरोघरी ठाऊक आहे. पीएसए वाढला तर काय, हे सांगायला रिपोर्ट देताना कुणीच नसतं. मोबाईलवर पीडीएफ येते. ठळक अक्षरांत 5.8, शेजारी 4 ची मर्यादा. पोरगा तो आकडा गुगलवर टाकतो आणि त्या रात्री घरात कुणाला घास गोड लागत नाही.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन. वीर्य पातळ ठेवणं हे त्याचं काम. त्यातलं थोडं रक्तात उतरतं. वयामुळे ग्रंथी वाढली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, लघवी तुंबून नळी घालावी लागली, तरी ते जास्त उतरतं. तेव्हा ही ग्रंथीची तपासणी आहे. ती एकटी कॅन्सर ठरवू शकत नाही. 4 ते 10 या पट्ट्यात बायोप्सी केलेल्या साधारण चारांपैकी तिघांना कॅन्सर निघत नाही. उलट, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात, पीएसए कायम 4 च्या आत असलेल्या पुरुषांपैकी सुमारे 15 टक्क्यांना बायोप्सीत कॅन्सर सापडला. पोखर्णीसारख्या नृसिंहाच्या गावात उंबरठ्याची गोष्ट मी वेगळी सांगायला नको. 4 ते 10 च्या पट्ट्यातला माणूस आतही नसतो आणि बाहेरही नसतो.

आता एक कागद नीट पाहू. वय 68. पीएसए 3.1. ‘नॉर्मल’ म्हणून फाईल बंद. पण हे बाबा वर्षभर ड्युटास्टेराइड असलेली गोळी घेत आहेत, लघवीची धार सुटावी म्हणून. ही गोळी, तशीच फिनास्टेराइडची, सहा महिने ते वर्षभरात पीएसए जवळपास निम्म्यावर आणते. म्हणजे या 3.1 चा खरा अर्थ 6 च्या पुढे आहे. रिपोर्टवर गोळीचं नाव नाही, कारण रक्त घेताना कुणी विचारलंच नाही. वाढलेला आकडा निदान घाबरवतो तरी. असा खोटा दिलासा मला त्याहून जास्त घातक वाटतो.

लॅबच्या मुलांना दोन शब्द. फ्री पीएसएचा, म्हणजे रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या पीएसएचा, नमुना नाजूक असतो. सीरम वेळेत वेगळं करून थंड ठेवलं नाही, तर फ्रीचा भाग घटतो आणि एकूण पीएसएतलं त्याचं प्रमाण नाहक कमी दिसतं. आणि हे प्रमाण कमी दिसलं की कॅन्सरची शंका वाढते. एप्रिल-मेच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून परभणीला निघालेल्या बाटलीचं काय होत असेल, याचा विचार करा. प्रत्येक कंपनीच्या मशीनचा आकडाही थोडा वेगळा येतो. म्हणून पुन्हा तपासायचं तर त्याच लॅबमध्ये.

मग सरसकट सगळ्यांची तपासणी करावी का? युरोपात 1993 पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासाचे 23 वर्षांचे निष्कर्ष 2025 मध्ये आले. तपासणीसाठी बोलावलेल्यांत प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू 13 टक्क्यांनी कमी झाले. 456 जणांना बोलावलं तेव्हा एक मृत्यू टळला. हा फायदा खरा आहे. त्याची किंमतही खरी आहे: ज्यांना तो कॅन्सर आयुष्यात कधीच त्रास देणार नव्हता, असेही कित्येक उपचारांत ओढले गेले, आणि अशा उपचारांनंतर लघवीवरचा ताबा किंवा लैंगिक क्षमता जाऊ शकते. आपल्या सरकारी मोहिमेत तिशीपुढे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी होते, प्रोस्टेटची नाही. बार्शीला 1987 पासून खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते. तिथे प्रोस्टेटचं प्रमाण मुंबईपेक्षा बरंच कमी दिसतं. जिथे तपासणीच कमी, तिथे नोंदही कमी होणार, हेही त्यात धरावं लागेल.

माझं मत स्पष्ट आहे. तक्रार नसलेल्या 55 ते 69 वयाच्या माणसाला दोन्ही बाजू सांगाव्यात आणि निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यावा. वडील किंवा भावाला हा आजार असेल तर हे बोलणं पंचेचाळिशीतच व्हावं. सत्तरीपुढे तक्रार नसेल तर पॅकेजमधून पीएसए काढून टाका. पण लघवीत रक्त, लघवी तुंबणं, कंबरेच्या हाडात न थांबणारं दुखणं असेल, तर तिथे स्क्रीनिंगचा वाद लागूच होत नाही. तिथे तपासणी झालीच पाहिजे. ‘म्हातारपणाचं असतंच’ म्हणून वर्षभर अंगावर काढलेला पेशंट आपल्याकडे येतो तेव्हा आजार हाडांत पोचलेला असतो. हे थांबवणं आपल्या हातात आहे.

एकदा वाढलेल्या आकड्यावर थेट बायोप्सी नको. संसर्ग असेल तर तो बरा करून सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त, मग गरजेप्रमाणे एमआरआय, आणि त्यानंतर बायोप्सी. कॅन्सर निघाला तरी लगेच ऑपरेशनच, असंही नाही. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरता मर्यादित कॅन्सर असलेल्या 1,643 पुरुषांना 15 वर्षं पाहिलं. ऑपरेशन, रेडिएशन किंवा नुसतं लक्ष ठेवणं, काहीही निवडलं तरी या आजाराने दगावलेले सुमारे 3 टक्केच होते. नातेवाइकांना हे सांगा. त्यांनी शेत विकायला काढण्याआधी सांगा.

लॅबवाल्यांना माझी विनंती आहे: उद्यापासून पीएसएच्या फॉर्मवर वय, चालू गोळ्या, नळी घातली होती का आणि लघवीत जळजळ आहे का, एवढं लिहून घ्या. आणि डॉक्टर मित्रहो, चिठ्ठीवर पीएसए लिहिण्याआधी त्या माणसाला समोर बसवून पाच मिनिटं बोला.