राखीव विमानाचा प्रश्न

प्रादेशिक विमानसेवेचे उड्डाण लांबते, तेव्हा प्रवाशाला 'तांत्रिक कारण' एवढेच सांगितले जाते. प्रत्यक्षात हा विलंब बिघाडापेक्षा ताफा लहान असल्याने अधिक वाढतो. लहान शहरांसाठी बहुधा वापरले जाणारे, सुमारे ७० आसनांचे एटीआर ७२ हे विमान दिवसातून अनेक फेऱ्या करते आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अवलंबून असते, त्यामुळे सकाळी एका चाकाच्या ब्रेकमध्ये दोष आढळला, तर दुपारी तिसऱ्याच गावचे प्रवासी ताटकळतात. मोठी कंपनी अशा वेळी दुसरे विमान पुढे करू शकते, मोजकीच विमाने असलेल्या कंपनीला ते क्वचितच जमते.

प्रत्येक बिघाडाने विमान थांबतेच असे नाही. कोणते उपकरण बंद असताना, कोणत्या अटींवर आणि किती दिवस उड्डाण करता येते, हे ठरवणारी मान्यताप्राप्त 'किमान उपकरण सूची' असते; परंतु दोष तिच्या मर्यादेबाहेरचा असल्यास दुरुस्ती होऊन परवानाधारक अभियंत्याची सही झाल्याखेरीज विमान हलत नाही, आणि ही सक्ती सर्वथा योग्य आहे. अडचण अशी, की तो अभियंता, त्याची हत्यारे आणि लागणारा सुटा भाग पुष्कळदा दूरच्या मुख्य तळावर असतात. ते येईपर्यंत वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादा संपते, किंवा रात्री विमान उतरवण्याची सोय नसलेल्या विमानतळावर अंधार पडतो, आणि काही तासांच्या विलंबाचे उड्डाण रद्दच करावे लागते.

लहान शहरे विमानसेवेने जोडण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेतील पहिली उड्डाणे २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली, त्यांत नांदेड–हैदराबाद हा मार्ग होता. स्वस्त आसनांमुळे येणारी तूट भरून काढणाऱ्या अनुदानास 'व्यवहार्यता तफावत निधी' म्हणतात. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३च्या अहवालानुसार, योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच होऊ शकले नाहीत आणि सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पूर्ण केली. त्याची कारणे अनेक आहेत, विमानतळांची अपुरी तयारी हेही त्यांपैकी एक. तथापि अनुदानाचा हिशेब आसनांवर होत असल्याने राखीव विमान आणि सुट्या भागांचा साठा हा कंपनीच्या दृष्टीने निव्वळ खर्च ठरतो, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम सहा तासांहून अधिक विलंब होणार असल्यास प्रवाशाला पर्यायी उड्डाण किंवा भाड्याचा परतावा देण्यास सांगतात. मात्र जेथून पुढचे उड्डाण दुसऱ्या दिवशी किंवा त्याही नंतर असते, तेथील, मुंबईच्या इस्पितळात वेळ ठरलेल्या रुग्णाला परताव्याचा उपयोग काय? अनुदानाचा एक हिस्सा राखीव विमानाला आणि अनेक कंपन्यांनी मिळून चालवायच्या सुट्या भागांच्या कोठाराला बांधून दिला, तर त्या रुग्णाचे विमान त्याच दिवशी सुटण्याची शक्यता वाढेल.